सॅल्यूटला जाताना खिशात एक शिपाई ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एप्रिलमध्ये लंडनला मुलीकडे जाणं होतंय आणि त्याच सुमारास ‘सॅल्यूट’ हे मिनिएचर वॉरगेमिंगचं प्रदर्शन आहे. पुण्यात चार-पाच जण मिळून २८ मिलिमीटरच्या फिगर्स (शिपायांच्या छोट्या मूर्ती) रंगवतात आणि जेवणाच्या टेबलावर लढाया खेळतात. तर एका दिवसात काय पाहावं, काय घ्यावं, ते सुखरूप घरी कसं आणावं? आणि ‘आता सगळं थ्रीडी प्रिंटरवर होतं, प्रदर्शनांत राम उरला नाही’ असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. तथ्य आहे, पण निम्मं. इंटरनेटच्या आधी या छंदातले बरेच उत्पादक म्हणजे एखाददुसरा माणूस, घरामागचं गॅरेज आणि पोस्टानं पाठवलेली टंकलिखित यादी. फिगर हातात घेऊन पाहायची सोय प्रदर्शनातच असायची, म्हणून लोक वर्षभराची खरेदी तिथे उरकत. आज तोच माल घरबसल्या मागवता येतो. ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या विक्रेत्यांना माल इंग्लंडात आणायचा तर सीमाशुल्काची कागदपत्रं करावी लागतात, त्यामुळे तिकडचे छोटे स्टॉलही कमी झाले. बाजार म्हणून प्रदर्शनाचं महत्त्व घटलंय, हे कबूल करायला हवं. पण फिगरचा खरा आकार, रेझिनचा (थ्रीडी छपाईत वापरतात त्या राळेचा) ठिसूळपणा आणि पूर्ण सजलेल्या टेबलावर खेळ प्रत्यक्षात किती वेगानं सरकतो, हे पडद्यावर अजूनही कळत नाही. तेव्हा तिथे मोजायला, चाचपायला आणि खेळायला जा. खरेदी त्यातून आपोआप ठरेल, आणि बरीचशी नंतर करता येईल.

सॅल्यूट भरवतो तो ‘साउथ लंडन वॉरलॉर्ड्स’ हा क्लब. १९७२ पासूनची परंपरा आहे. हल्ली ते लंडनच्या पूर्वेला एक्सेल सेंटरमध्ये, बहुधा एप्रिलमधल्या एका शनिवारी भरतं. २०२० ला कोविडमुळे रद्द झालं, २०२१ ला नोव्हेंबरमध्ये झालं आणि पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिलवर आलं. एलिझाबेथ लाइनच्या कस्टम हाउस स्टेशनावर उतरलात की दालन समोरच. तिकीट आधी ऑनलाइन काढा. पाठीवरची सॅक बरी, चाकांची बॅग गर्दीत लोकांच्या पायात येते. खाली काँक्रीट असतं, त्यामुळे बूट जुने आणि सवयीचेच घाला. आतलं खाणं महाग आहे. डबा न्या, लाजू नका, निम्मे इंग्रज सँडविच घरूनच आणतात. ४०-५० पौंड रोख ठेवा, कारण इतक्या गर्दीत नेटवर्क अडकलं की कार्डाची मशीनंही अडकतात.

एक काम मात्र पुण्यातूनच करा. कितीतरी छोटे उत्पादक प्रदर्शनासाठी आगाऊ ऑर्डर घेतात आणि पुडकं नाव घालून स्टॉलवर तयार ठेवतात. मुदत साधारण आठ-पंधरा दिवस आधी संपते. टपालखर्च वाचतो, आणि ‘ते तर सकाळीच संपलं’ हे ऐकावं लागत नाही.

आता शीर्षकातला शिपाई. तुमच्या सैन्यातली एक रंगवलेली, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) चिकटवलेली फिगर काड्यापेटीत कापूस घालून सोबत न्या. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अवजार आहे. कारण ‘२८ मिमी’ हे माप एक नाहीच. बरेच जण तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतात, काही डोक्याच्या टोकापर्यंत. त्यात ‘हिरोइक’ म्हणजे डोकं, पंजे आणि शस्त्रं मुद्दाम जाड केलेली फिगर वेगळी, आणि माणसाच्या खऱ्या प्रमाणातली सडपातळ फिगर वेगळी. पेरी बंधू या शिल्पकारांची फिगर ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीच्या आजच्या फिगरशेजारी ठेवली तर धाकटा भाऊ शोभेल.

स्टॉलवर नमुना मागा आणि आपल्या शिपायाशेजारी उभा करा. पहिली गोष्ट डोक्याचा आकार. उंचीतला दीड-दोन मिलिमीटरचा फरक डोळा सोडून देतो, कारण माणसं उंच-बुटकी असतातच. डोक्याचा फरक लगेच खुपतो. दुसरी, बंदुकीच्या नळीची जाडी. तिसरी, बेसची जाडी: २ मिमी आणि ४ मिमीचे बेस मिसळले की सारख्या उंचीचे शिपाईही पायरीवर उभे राहिल्यासारखे दिसतात. डोकं जुळतंय पण नळी थोडी जाड आहे, असं झालं तर ती फिगर वेगळ्या तुकडीत ठेवा, निभावून जाईल. डोकंच जुळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. गाड्या आणि रणगाड्यांसाठी २८ मिमीला १/५६ हे प्रमाण चालतं. प्लास्टिक किटच्या दुकानातलं १/४८ शेजारी ठेवलं की थोराड दिसतं, १/७२ तर खेळणंच.

घरं, झाडं आणि मैदान यांचा हिशेब वेगळा. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही. वॉरगेमिंगमध्ये हीच तडजोड आकडेमोड करून केलेली असते. समजा, नियमांत मस्केट बंदुकीचा पल्ला १२ इंच आहे आणि प्रत्यक्षातला उपयोगी पल्ला १०० यार्डांच्या आसपास. म्हणजे टेबलावरचा एक इंच आठ-नऊ यार्डांचा झाला. पाच इंच रुंदीचं शेतकऱ्याचं घर त्या हिशेबानं चाळीसेक यार्ड जागा अडवतं, म्हणजे ते घर नसून वाडी आहे. म्हणून जाणकार मांडणारे इमारतींची उंची फिगरला शोभेल अशी ठेवतात, पण लांबी-रुंदी मुद्दाम आखडतात. एमडीएफची घरं घेताना हे पाहाच: दाराला फिगर लावून बघा, आणि छप्पर उचलून आत तुमचा बेस बसतो का तेही बघा. लेझरनं कापलेल्या कडा काळपट राहतात, त्या रंगवाव्या लागतातच. शिवाय एमडीएफ पाणी पितं, तेव्हा रंगाआधी पातळ वार्निशचा एक हात द्या. आपल्या पावसाळ्यात न सीलबंद केलेली भिंत फुगून वाकते.

दिवसाची आखणी अशी करा. दहाला दार उघडलं की झुंड मोठ्या स्टॉलकडे धावते. तुम्ही ‘पार्टिसिपेशन गेम’च्या टेबलांकडे जा आणि पुढचा डाव किती वाजता, जागा आहे का, ते विचारून नाव द्या. हे डाव अर्ध्या-पाऊण तासात संपतील असे बेतलेले असतात, आणि नियम माहीत नसले तरी शेजारी उभा राहून सांगायला माणूस असतो. घरात कोरे नियम वाचून दोन रविवार जातात ते इथे एका डावात कळतं. ‘डेमो गेम’ वेगळे: ते बघायचे, खेळायचे नाहीत. एकदा संपूर्ण दालन काही न घेता फिरा आणि स्टॉलचे क्रमांक टिपून ठेवा. बारा ते दोन मरणाची गर्दी असते. दुपारी तीननंतर विक्रेते मोकळे होतात आणि मनापासून बोलतात.

डेमो टेबलाशी उभं राहून काय विचारायचं? आपल्या अंगणातलंच उदाहरण घेऊ. १८०३ ची असईची लढाई इंग्रज वॉरगेमर्सना प्रिय आहे, कारण ती वेलस्लीची, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनची. हे असई आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनकडचं. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. इंग्रजी नकाशांवर त्या कैटना आणि जुआ म्हणून सापडतील. टेबल चांगलं आहे की नाही हे तीन गोष्टींवरून ओळखा. नदीपलीकडे समोरासमोर दोन गावं दिसली तेव्हा मध्ये उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, असणार, हा वेलस्लीचा तर्क होता. तो उतार टेबलावर आहे का? वेलस्ली बाजूनं आल्यावर शिंद्यांच्या पदरी असलेल्या पोलमनच्या कवायती पलटणींनी आपली अख्खी ओळ वळवून त्याच्याकडे तोंड केलं, आणि ही चपळाई त्याला अपेक्षित नव्हती. मराठ्यांच्या बाजूला नियम ही हालचाल करू देतात का, की त्यांना नुसते बुजगावण्यासारखे उभे केलेत? आणि तोफा. शिंदे-भोसल्यांकडे त्या शंभराच्या आसपास होत्या, इंग्रजांचं नुकसान मुख्यतः त्यांनीच केलं. टेबलावर दोनच तोफा असतील तर ती असई नव्हे.

आता याच लढाईचं गणित करून बघा, छंद कुठे चाललाय ते त्यात दिसतं. पोलमनचं कवायती पायदळ सुमारे दहा हजार. एक फिगर म्हणजे वीस माणसं धरली तर पाचशे फिगर्स. २८ मिमीला माणशी २० मिमी रुंदी, दोन रांगा, म्हणजे ओळ झाली पाच मीटर. नेहमीचं टेबल ६ बाय ४ फुटांचं, म्हणजे लांबी १.८ मीटर. बसत नाही. शिवाय पाचशे फिगर्स रंगवायला एकट्या माणसाला दोन-तीन वर्षं सहज लागतात, आणि ही एकच बाजू, घोडदळ सोडून. एकतर प्रमाण साठाला एक करा किंवा १० वा ६ मिमीवर उतरा. तिसरा रस्ता म्हणजे मोठी लढाई सोडून तिच्या कोपऱ्यातली चकमक खेळा. गेल्या पंधरा वर्षांत बहुसंख्य लोकांनी हा तिसरा रस्ता धरला.

तसं पाहिलं तर आकार लहान करायची खटपट जुनीच. १९९० मध्ये आलेल्या डीबीए नियमांत अख्खं सैन्य म्हणजे बारा बेस. पण पुढे ‘सागा’ (२०११), ‘बोल्ट ॲक्शन’ (२०१२), ‘चेन ऑफ कमांड’ (२०१३), ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ (२०१५) हे खेळ आले आणि छंदाचं एककच बदललं: सैन्याऐवजी टोळी किंवा प्लाटून. फ्रॉस्टग्रेव्हला जादूगार, त्याचा शिष्य आणि जास्तीत जास्त आठ शिपाई, म्हणजे दहा फिगर्स आणि तीन बाय तीन फूट जागा पुरते. सागामध्ये एका गुणाला चार अंगरक्षक, आठ योद्धे किंवा बारा गावकरी मिळतात. सहा गुणांची टोळी म्हणजे सरदार धरून पंचवीस ते त्र्याहत्तर फिगर्स, आणि मिश्र टोळी चाळिसाच्या घरात जाते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला हे मानवतं, लंडनच्या फ्लॅटलाही. गंमत म्हणजे लंबक थोडा परतही आलाय: ‘वॉरलॉर्ड गेम्स’ या कंपनीनं २०२० नंतर साडेतेरा मिमीची ‘एपिक’ प्लास्टिक मालिका आणली, तीत शिपाई सुटे नसून ओळीत जोडलेले येतात. मोठी लढाई खेळायची हौस मेलेली नाही, रंगवायचा वेळ मेलाय.

रंगवण्यातही मोठा फेर झाला. जून २०१९ मध्ये ‘सिटाडेल’ या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग आले, पाठोपाठ इतरांचे. हा रंग पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. खोलगट भागात साचून सावली करतो, उंचवट्यावर फिका पडतो. रीत अशी: काळा प्रायमर, तो वाळल्यावर मोठ्या कोरड्या ब्रशनं आधी राखाडी, मग वरून फक्त पांढरा ड्रायब्रश (रंग जवळजवळ पुसलेला ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), आणि मग कॉन्ट्रास्टचा एकच हात. प्रदर्शनात हे करून दाखवणारे असतात, त्यांच्या हाताकडे बघा: ते रंग लावतात, थांबतात, आणि साचलेला थेंब धुऊन टिपलेल्या ब्रशनं लगेच शोषून घेतात. नवशिका तो थेंब वाळू देतो, किंवा अर्धवट वाळल्यावर पुन्हा ब्रश फिरवतो, आणि मग चहाच्या कपाखालच्या कड्यासारखा डाग पडतो. ढाल, रणगाड्याचं चिलखत अशा सपाट पृष्ठभागावर हे रंग वापरू नका, ढगाळ दिसतात. खेळताना बोट लागून कडांवरचा रंग उडतो, तेव्हा वार्निश हवंच. आणि एक सावधगिरी: ‘आर्मी पेंटर’ कंपनीच्या स्पीडपेंट या अशाच रंगांची २०२२ ची पहिली आवृत्ती वाळल्यावरही ओल्या ब्रशनं पुन्हा सुटायची. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं. जुन्या मालाचा स्वस्त सेट दिसला तर बाटलीवर ‘२.०’ आहे ना ते पाहा.

थ्रीडी प्रिंटबद्दल दोन्हीकडून अतिशयोक्ती चालते. खरं असं की आता बरेच स्टॉल धातू न ओतता रेझिन छापूनच विकतात, आणि काही जण फिगरऐवजी फाइलचा परवाना विकतात. छापील फिगर घेताना हे पाहा. खांदा, टोपीचा माथा, घोड्याचं पुठ्ठं अशा सावकाश वळणाऱ्या जागा प्रकाशात तिरक्या धरा, थरांच्या रेषा तिथेच दिसतात. प्रायमरनंतर त्या लपतील असं विक्रेता म्हणेल, पण ड्रायब्रश केलात की त्या नेमक्या उठून दिसतात. बोट लावून बघा. चिकट लागलं किंवा उग्र वास आला तर रेझिन पुरतं कडक झालेलं नाही, घेऊ नका. भाला किंवा संगीन हलकेच वाकवून दाखवायला सांगा: साधं रेझिन कटकन मोडतं, लवचीक रेझिन मिसळलेलं असेल तर वाकून परत येतं. पोकळ घोडा किंवा राक्षस असेल तर खाली निचऱ्याची भोकं आहेत का? भोकं नसतील तर आत ओलं रेझिन राहतं आणि काही महिन्यांनी रंगवलेली फिगर तडकून त्यातून ते पाझरतं. आणि विकणाऱ्याकडे त्या शिल्पाचा व्यापारी परवाना आहे का हे सरळ विचारा, यात वावगं काही नाही.

घरी छापायचा विचार असेल तर खर्च प्रिंटरचा कमी आणि शिस्तीचा जास्त. नायट्राइल हातमोजे, खेळती हवा, ०.०५ मिमीचा थर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा धुणं, पूर्ण वाळवणं, मग अतिनील दिव्याखाली काही मिनिटं. ओलं असतानाच दिव्याखाली धरलं तर पांढरट डाग पडतात. जेवणाच्या टेबलाच्या खोलीत हे करू नये. वीस-तीस फिगर्ससाठी प्रिंटर घेण्यापेक्षा प्लास्टिकची पेटी घ्या: २८ मिमी पायदळाच्या पेटीत बहुधा ३० ते ४५ शिपाई निघतात, माणशी खर्च धातूच्या निम्म्याहून कमी पडतो, भाले मोडत नाहीत. प्लास्टिकचा साचा बनवणं फार महाग, म्हणून पेट्या लोकप्रिय सैन्यांच्याच निघतात: नेपोलियनचे फ्रेंच, दुसऱ्या महायुद्धातले जर्मन. मराठ्यांसारख्या विषयाला अजून धातू किंवा प्रिंट हेच आधार आहेत, आणि ‘मराठा’ नावाखाली मिळणाऱ्या बऱ्याच फिगर्स १८०३ च्या बेतानं केलेल्या असतात. शिवकालासाठी घेत असाल तर कवायती गणवेश आणि संगिनी आधी तपासा.

जुन्या फिगर्सची विक्री दिसली तर थांबा. पूर्वी प्रदर्शनांत ‘ब्रिंग अँड बाय’चं मोठं टेबल असायचं, आता काही ठिकाणी तासाच्या बोलीनं टेबल भाड्यानं देतात. ऐतिहासिक वॉरगेमिंगची एक पिढी म्हातारी झालीय, त्यामुळे आयुष्यभराची सैन्यं सुंदर रंगवलेली, पण कमी भावात निघतात. मात्र फिगर उलटी करून बेसच्या कडेशी बघा. पांढरी, पिठासारखी भुकटी असेल तर शिसं सडतंय. ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटातल्या आम्लाच्या वाफेनं तसं होतं. ती भुकटी विषारी असते, फुंकर मारू नका आणि घेऊही नका.

परतीचं सामान. ब्रिटननं २०२१ पासून पर्यटकांना व्हॅट परत देणं बंद केलंय, तेव्हा २० टक्के गेले ते गेले. पावत्या मात्र भारतातल्या कस्टमसाठी जपा. पेट्या फेकून द्या, स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) चपट्या थैलीत घालून कपड्यांच्या घड्यांत ठेवा. पेटीच्या मागचं रंगाचं चित्र फक्त कापून घ्या. धातूची पायदळ फिगर अंदाजे १५ ग्रॅम, म्हणजे शंभर फिगर्स दीड किलो. त्या केबिन बॅगेत वर ठेवा, कारण एक्स-रेत तो काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. पाण्यातल्या ॲक्रिलिकच्या १७-१८ मिलिलिटरच्या बाटल्या झिपच्या पिशवीत, टोपणावर चिकटपट्टी लावून, चेक-इनमध्ये. ब्लेड आणि कटर चेक-इनमध्येच. स्प्रे प्रायमर, प्लास्टिक सिमेंट, थिनर आणि ओलं रेझिन कुठल्याच बॅगेत नाही, ते लंडनमध्येच सोडा.

प्रायमर इथे मिळणारा वापरा, पण हार्डवेअरच्या दुकानातला मॅट ब्लॅक आधी स्प्रूच्या रिकाम्या तुकड्यावर मारून बघा. काहींतलं सॉल्व्हंट प्लास्टिक विरघळवतं आणि चेहरा सपाट होतो. आणि जून ते सप्टेंबर स्प्रे करूच नका. दमट हवेत मॅट वार्निश पांढरं पडतं, प्रायमर खरखरीत बसतो. त्या चार महिन्यांत ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर, दोन पातळ हात, मधे रात्रभर वाळवण.